टोपलीतल्या मुलीचं पुस्तक कपाटाबाहेर काढा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आमचे वाचनालय, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचं नाव वर मुद्दामच लिहिलेलं नाही. माझा वाद एका निर्णयाशी आहे, आणि तसाच निर्णय उद्या शहरातल्या आणखी चार ठिकाणी होऊ शकतो, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. ते कोणाला उद्देशून आहे हे तुम्हाला कळायला अडचण येणार नाही.

घडलं ते असं. किशोर विभागाच्या फळ्यावर एक सूचना लागली : ‘किशोर वाचन गटात यापुढे केवळ संस्कारक्षम व कुटुंबास पोषक पुस्तके घेतली जातील. यादी मंडळाकडून आगाऊ मंजूर करून घ्यावी.’ त्याच दिवशी कॅथरीन पॅटरसन यांच्या ‘जेकब हॅव आय लव्हड’ या कादंबरीच्या दोन्ही प्रती फडताळावरून उचलून कार्यालयातल्या कुलपाच्या कपाटात ठेवण्यात आल्या. त्या कपाटात शेजारी काय आहे तेही मी पाहून आले. जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे आणि मागच्या कार्यक्रमातून उरलेली रांगोळी.

कारण तोंडीच कळलं. एका पालकांची तक्रार आली की या पुस्तकात सख्खी बहीण बहिणीचा द्वेष करते, शेवटपर्यंत दोघींचं मनोमिलन होत नाही, आणि असलं वाचून मुलं घरात भांडायला लागतील. त्यावर तुमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘ही रामलक्ष्मणाची भूमी आहे. इथे भावाभावांची स्पर्धा शिकवायची नाही.’ वाक्य सुंदर आहे, टाळ्या पडतील असं. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

आधी या प्रकरणात माझं काय अडकलंय ते सांगते. किशोर गट मी बिनपगारी चालवते हे तुम्हाला माहीत आहे. पोटापाण्यासाठी मी करसल्लागार आहे, आणि निफाड, दिंडोरी, चांदवडकडची बागायतदार कुटुंबं कागदपत्रं घेऊन माझ्याकडे येतात. दोन भाऊ टेबलासमोर शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसतात आणि एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. ‘मॅडम, त्यांना विचारा, विहिरीवरच्या मोटारीचे वार कोणाचे कोणते.’ ‘मॅडम, यांना सांगा, शेततळं माझ्या गटात येतं.’ मागच्या खुर्चीवर बहीण असते, हक्कसोडपत्राचं बोलणं निघेल म्हणून बोलावलेली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने दिला, हे तिला पक्कं ठाऊक असतं. सही केली नाही तर माहेरी कोणी ‘ये’ म्हणणार नाही, हेही ठाऊक असतं. मी आकडे मांडते, पुढचं काम वकिलांकडे पाठवते. मधल्या वेळात, चहा येईपर्यंत, जे कानावर पडतं ते कुठल्याच कागदावर येत नाही. ‘त्याला शिकायला शहरात ठेवलं, मला फवारणीला जुंपलं.’ ‘मोठ्याला नवी मोटारसायकल, मला त्याची जुनी सायकल.’ पन्नाशी ओलांडलेली माणसं हो ही. हिशेब सातबाऱ्याचा चाललेला असतो आणि राग आठवीतला असतो.

आता घरचंच सांगायचं तर माझी सख्खी बहीण पुण्याला असते. आमचं भांडण कधी झालं नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या का, दिवाळीला कोण किती दिवस येणार, इतपत फोनवर होतं आणि दोघींनाही पुढे काही सुचत नाही. ती गाणारी होती, मी हिशेबी. पाहुणे आले की बैठकीत हाक कोणाला पडायची आणि पोह्यांच्या बशा कोण आणायची हे वेगळं लिहायला नको. आईवडिलांनी काही अन्याय केला असं मी म्हणत नाही. पण तेरा-चौदाव्या वर्षी मनात जे साठत होतं ते कोणाशी बोलावं, त्याला चारचौघांत जागा आहे का, हे मला माहीत नव्हतं. चाळिशीनंतर ही कादंबरी हातात आली तेव्हा मी गटासाठी तिची शिफारस केली. तुमच्या खरेदी समितीने ती मंजूर केली. पावती तुमच्याच दप्तरात आहे.

आता पुस्तकाबद्दल. सूचनेत त्याविषयी एक ओळही नाही, म्हणून मलाच लिहावं लागतंय.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला चेसापीक उपसागर आहे. त्यातल्या रॅस नावाच्या एका काल्पनिक बेटावर ही गोष्ट घडते. काळ १९४१ पासून पुढचा, महायुद्धाचा. बेटावरची माणसं खेकडे आणि कालवं धरून जगणारी, चर्चला मानणारी. एका घरात जुळ्या मुली. सारा लुईस काही मिनिटांनी मोठी, धडधाकट. पाठोपाठ आलेली कॅरोलाइन मात्र जन्मतःच श्वासाला मोताद. सगळं घर तिला वाचवण्यामागे लागतं. तिच्या जन्माची ती रात्र घरात पुन्हा पुन्हा सांगितली जाते. एकदा लुईस विचारते, ‘तेव्हा मी कुठे होते?’ सांगणाऱ्यांना चटकन आठवत नाही. मग उत्तर मिळतं की तू टोपलीत होतीस. न्हाऊमाखू घालून, कपडे घालून टोपलीत ठेवलेली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच.

पुढे कॅरोलाइन सुंदर दिसते, सुंदर गाते, सगळ्यांची लाडकी होते. लुईस होडीवर जाते, खेकडे धरते, घरखर्चाला हातभार लावते, आणि त्याच घरातून बहिणीच्या संगीताच्या शिकवणीचे पैसे जातात. लुईसला ज्या म्हाताऱ्या कप्तानाचा लळा लागलेला असतो, तोच कप्तान पुढे कॅरोलाइनला बाल्टिमोरला गाणं शिकायला पाठवायचं म्हणून पैसे देऊ करतो. त्याच दिवसांत आजी लुईसच्या कानाशी बायबलमधलं देवाचं वचन पुटपुटते. याकोबावर मी प्रीती केली, पण एसावाचा द्वेष केला. याकोब आणि एसाव हे बायबलातले जुळे भाऊ, आणि पुस्तकाचं नाव तिथूनच आलेलं आहे. पुढे लुईसचा बालमित्रही कॅरोलाइनशीच लग्न करतो.

तक्रारदार म्हणतात ते खरं आहे. लुईस बहिणीचा द्वेष करते. बहीण मेली अशी स्वप्नं तिला पडतात. हे मी झाकत नाही, गटातही झाकलं नव्हतं. त्या स्वप्नांनी ती स्वतः किती हादरते आणि स्वतःला किती पापी समजते, तेही त्याच पानांवर आहे. पान अर्धं वाचायचं ठरवलं तर मग कुठलंच पुस्तक कपाटाबाहेर राहणार नाही.

शेवटही सांगून टाकते, कारण तुम्ही तो वाचणार नाही असं धरूनच मी चालले आहे. खोटी ठरले तर आनंद आहे. बेट सोडायचं लुईसचं धाडस होत नसतं. आईशी बोलता बोलता ती विचारते, मी गेले तर कॅरोलाइनची येते तितकी माझी आठवण येईल का? आई म्हणते, त्याहून जास्त. तेवढ्या उत्तरावर ती बाहेर पडते, नर्स-सुईण होते, डोंगरातल्या एका लहान वस्तीत काम करू लागते. तिथे एका बाळंतपणात जुळं होतं. पहिलं बाळ धट्टंकट्टं, दुसरं अगदी दुबळं. लुईस दुसऱ्याला जगवायला जिवाचं रान करते, आणि मध्येच तिच्या ध्यानात येतं की पहिलं बाळ बाजूला पडलंय. घरच्यांना ती बजावते की त्याला उचला, जितका वेळ घेता येईल तितका वेळ कुशीत घ्या.

दोघी बहिणींची गळाभेट पुस्तकात नाही. लेखिकेने ती घातली असती तर तुमची तक्रार मिटली असती आणि पुस्तक बिघडलं असतं. जे आपल्या वाट्याला आलं नाही, ते दुसऱ्याच्या बाळाला मिळावं म्हणून झटणारी बाई तिथे आहे. याला कुटुंबास पोषक म्हणत नसाल तर कशाला म्हणता, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

पुस्तक निर्दोष आहे असा माझा दावा नाही. शेवटची काही वर्षं लेखिकेने घाईने गुंडाळली आहेत आणि लुईसचं लग्न तर दोन-चार पानांत उरकलंय. गटातली मुलं तिथवर पोचली की यावर नाक मुरडतील. कॅरोलाइन आपल्याला फक्त लुईसच्या डोळ्यांनी दिसते, आणि लुईस काही न्यायाधीश नाही. यावर मुलं जे बोलली ते मंडळातल्या कोणी ऐकायला हवं होतं. एक मुलगी म्हणाली, घरच्या अल्बममध्ये दादाचे फोटो पहिल्या पानापासून आहेत, माझे शेवटच्या चार पानांत. दुसरीने सांगितलं, ताईच्या नीटच्या क्लासची फी भरायची म्हणून माझा चित्रकलेचा क्लास बंद झाला, आणि ताईला हे माहीतसुद्धा नाही. तेवढ्यात एक मुलगा जरा चिडून बोलला, ‘मी आमच्या घरातला कॅरोलाइन आहे. क्लासवाल्यांनी माझा फोटो कॉलेज रोडच्या फ्लेक्सवर लावला, तेव्हापासून माझा भाऊ माझ्याशी नीट बोलत नाही. फोटो लावा असं मी म्हणालो नव्हतो.’ ज्यांना इंग्रजी जड जात होतं त्यांच्यासाठी आम्ही प्रकरणं मराठीतून सांगत होतो. तीही मुलं या चर्चेत मागे नव्हती. असल्या पुस्तकाने घरात भांडण लागतं म्हणता, तर त्या फ्लेक्सने काय होतं याचाही कधी विचार व्हावा.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी : निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणी पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी सभेनंतर विचारलं तेव्हा ‘सारांश पाहिला’ एवढं उत्तर मिळालं. ज्या संस्थेचं कामच लोकांना पुस्तक वाचायला देणं आहे, तिच्या मंडळाने पुस्तक न वाचता ते काढून टाकावं? दरवर्षी १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी तुम्ही एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालता. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. तसबिरीखाली ते लिहिलेलेही आहेत. या पुस्तकाचे वाचक रविवारी सकाळी दहा वाजता वर किशोर विभागात बसलेले असतात आणि पुस्तक खाली कुलपात. आणखी एक. या कादंबरीला १९८१ चं न्यूबेरी पदक मिळालं, आणि ते पदक दिलं जातं अमेरिकन लायब्ररी असोसिएशनकडून, म्हणजे ग्रंथालयात काम करणाऱ्या लोकांच्याच संघटनेकडून. लेखिकेला पुढे १९९८ साली बालसाहित्यासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कारही मिळाला. पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक चांगलंच असतं असं मी मानत नाही. पण मुलांसाठीची पुस्तकं निवडण्यात आयुष्य घालवलेल्यांनी त्यात काय पाहिलं असेल, एवढा प्रश्न तरी पडायला हरकत नव्हती.

दुसरी : तक्रार तोंडी आहे. तक्रारदार कोण, त्यांनी कोणतं पान वाचलं, नेमकी हरकत कशाला, यातलं काहीच लेखी नाही. माझ्या धंद्यात कागद नसलेला व्यवहार धरत नाहीत. शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थेत तर तो धरूच नये. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. इतकी वर्षं कायद्याच्या चौकटीत चालणाऱ्या संस्थेला पुस्तक काढायला एक फोन पुरतो, हे चमत्कारिक आहे.

तिसरी : मुलांना कोणी विचारलं नाही. त्यांना सांगितलंसुद्धा नाही. त्यांना ते फळ्यावरून कळलं, चारच प्रकरणं वाचायची राहिलेली असताना. त्यातल्या काहींनी मला उरलेला भाग मोबाइलवर शोधून द्या म्हणून सांगितलं. वाचनालयाचं कार्ड आठवीनंतर नूतनीकरणाला येत नाही, क्लासची वेळापत्रकं सुरू झाली की मुलं येईनाशी होतात, ही तुमच्या प्रत्येक वार्षिक सभेतली खंत. आणि जी येतात त्यांच्या हातातलं पुस्तक मध्येच काढून घेतलं जातं.

चौथी तक्रार दिलेल्या पर्यायाबद्दल आहे, आणि ती मी जरा सविस्तर लिहिणार आहे. आम्हाला नवी यादी देण्यात आली. तिच्या अग्रभागी ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली आपल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. या गावात ते वाचलं जाणारच, आमच्या गटाने वाचलंही आहे. खाऊचे पैसे साठवून श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो, ते प्रकरण वाचताना डोळे भरतात, माझेही भरले. पण ज्या घरात सगळे पैसे एकाच्याच कोटाला लागतात, त्या घरातल्या दुसऱ्याने काय वाचायचं? श्यामचं पुस्तक त्याला भावावर प्रेम कर म्हणून सांगतं, आणि ते बरोबरच आहे. प्रेम करावंसं वाटत नाही त्या दिवसांत काय करायचं, हे सांगणारं दुसरं पुस्तकही त्याच फडताळावर हवं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर मुलं दोन्हींतून जास्त काही घेतात, हे मी गटात पाहिलं आहे. आपल्याकडे बालविभागात पंचतंत्र, इसापनीती, शूरवीरांची चरित्रं आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे अंकही आहेत. त्यानंतर जिना उतरून खाली आलं की थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या. तेरा ते सतराच्या मुलांच्या घरातली आतली धुसफूस, मैत्री तुटणं, स्वतःचीच लाज वाटणं, यावरचं साहित्य मधल्या फडताळावर जेमतेम दीड खण भरेल एवढं आहे. त्या दीड खणातून तुम्ही एक पुस्तक काढलंत.

पाचवी. जुलैमध्ये आपल्याच सभागृहात ‘गुणवंत पाल्य सत्कार’ होतो. दहावी-बारावीचा निकाल चांगला लागलेली मुलं मंचावर, त्यांची भावंडं समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. गेल्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांनी माइकवरून एका मुलीच्या धाकट्या भावाला उभं केलं आणि विचारलं, ‘काय, ताईपेक्षा जास्त आणणार ना?’ सभागृह हसलं. तो मुलगा आमच्या गटात येतो. भावंडांमध्ये स्पर्धा कोण लावतं, हा प्रश्न मला कादंबरी वाचून पडला नव्हता, त्या कार्यक्रमात पडला. तिथे कोणाला संस्कार आठवले नाहीत.

सहावी छोटी आहे. आम्ही पुढे ताटीचे अभंग घेणार होतो. लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसलेला मोठा भाऊ ज्ञानेश्वर आणि बाहेरून त्याला समजावणारी धाकटी मुक्ताबाई. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीला जाऊन यायचं आणि परतल्यावर ते अभंग वाचायचे असं मुलांनीच ठरवलं होतं. सूचनेप्रमाणे त्याचीही आगाऊ मंजुरी घ्यायची का, ते कळवावं.

आता रामलक्ष्मणाच्या भूमीबद्दल. ज्येष्ठ सदस्यांचा आदर ठेवून लिहिते. माझं बालपण काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत गेलं. सीतागुंफेत वाकून शिरताना डोकं आपटलेलं आहे, तपोवनात सहली झाल्या आहेत, त्यामुळे रामायण मला कोणी परकं समजू नये. मुळात राम आणि लक्ष्मण सावत्र भाऊ. लक्ष्मणाचा जुळा शत्रुघ्न. वनवासाला निघताना लक्ष्मण रामाबरोबर आला आणि शत्रुघ्न भरताबरोबर मागे राहिला. जुळ्यांची चौदा वर्षांची ताटातूट आहे ती. शत्रुघ्नाला त्या वर्षांत काय वाटलं असेल, असं आपण एकाही मुलाला कधी विचारत नाही. मी गटात विचारलं. या कादंबरीमुळेच विचारावंसं वाटलं. एका मुलाने उत्तर दिलं, ‘त्याला निदान सांगायला तरी हवं होतं की तू पण चल.’ आणि अयोध्या सोडून पुढे गेलं तर किष्किंधेत वालीने सख्ख्या भावाला, सुग्रीवाला, राज्याबाहेर घालवलेलं. लंकेत बिभीषण भावाला सोडून समोरच्या पक्षाला मिळालेला. सगळा अनर्थ सुरू होतो तो चार मुलांपैकी गादी कोणाची यावरून, आणि आईबापांचा लाडका कोण यावरून. भरताने पादुका डोक्यावर घेतल्या हे त्याचं मोठेपण आपण गातो, कारण त्या जागी काय होऊ शकलं असतं हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ते माहीत नसलेल्या मुलाला भरत कळायचा कसा?

पालकांच्या काळजीची मी थट्टा करत नाही. आपल्या मुलाने काय वाचावं हे ठरवायचा त्यांना अधिकार आहे. त्यांनी वाचनालयात यावं, मुलाच्या कार्डावर तसा शेरा मारून घ्यावा, ते पुस्तक त्या कार्डावर दिलं जाणार नाही. मी स्वतः लक्ष ठेवीन. मात्र त्यांच्या मुलासाठीचा निर्णय गटातल्या सगळ्या मुलांना लागू करायचा अधिकार त्यांना कोणी दिला, आणि तुम्ही तो कसा दिलात?

माझ्या मागण्या अशा :

कादंबरीच्या दोन्ही प्रती येत्या रविवारच्या आत किशोर विभागाच्या फडताळावर परत ठेवाव्यात.

फळ्यावरची सूचना मागे घ्यावी. गटाची यादी मंडळाला माहितीसाठी देण्यात मला आनंदच आहे. आधी मंजुरी घेण्याची अट मला मान्य नाही.

पुस्तकावर हरकत घ्यायची असेल तर लेखी अर्ज असावा. अर्जदाराने पुस्तक पूर्ण वाचलं असल्याचं त्यात नमूद करावं आणि हरकतीच्या पानांचे क्रमांक द्यावेत. अर्जाचा विचार करायला ग्रंथपाल, मंडळातला एक सदस्य, एक पालक आणि किशोर गटातली दोन मुलं अशी समिती नेमावी. समितीतल्या सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं असावं. तीस दिवसांत लेखी निर्णय द्यावा आणि तोवर पुस्तक फडताळावरच राहावं. या पद्धतीचा मसुदा मी तयार केला आहे, कार्यालयात आवक क्रमांक घेऊन दिला आहे.

येत्या अंदाजपत्रकात किशोर विभागाच्या खरेदीसाठी स्वतंत्र रक्कम धरावी. सध्या ती बालविभागातच मोडते आणि बहुतेक चित्रांच्या पुस्तकांवर संपते.

सत्कार समारंभात मंचावरून कोणाही मुलाची त्याच्या भावंडाशी तुलना करू नये, अशी सूचना पाहुण्यांच्या निमंत्रणपत्रात छापावी. यावर तुम्ही हसाल, मला कल्पना आहे. तरीही मागणी ठेवते.

उत्तर लेखी हवं आहे, पुढच्या मासिक सभेपर्यंत. ते आलं नाही तर वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मी ठराव म्हणून मांडणार आहे. अनुमोदनासाठी पुरेशा सभासदांच्या सह्या माझ्याकडे आहेत, त्यांतले काही तुमचे नेहमीचे मतदार आहेत. दरम्यान गट बंद राहणार नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही किशोर विभागात बसतो आहोत, उरलेली चार प्रकरणं माझ्या स्वतःच्या प्रतीतून वाचणार आहोत. मंडळातल्या कोणाला यायचं असेल तर जरूर यावं. मुलं प्रश्न विचारतात, तेवढी तयारी ठेवावी.

कळावे,

आपली,
एक आजीव सभासद आणि किशोर वाचन गटाची स्वयंसेविका,
पंचवटी, नाशिक